उतारावरचा कॅरम

माझ्या धाकट्या भावाला कॅरम येत नाही. हे मी बहीण म्हणून नाही, साक्षीदार म्हणून सांगते. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये दर उन्हाळ्यात बोर्ड मांडला जायचा आणि दर उन्हाळ्यात हा हरायचा. माझ्याशी हरायचा, आईशी हरायचा, सुट्टीत आलेल्या कुणाच्याही पाहुण्यांशी हरायचा. भोक सोंगटीपासून बोटभर लांब असलं तरी याचा स्ट्रायकर सोंगटीला वळसा घालून स्वतःच भोकात पडायचा, आणि मग पावडर कमी आहे म्हणून हा आरडाओरडा करायचा. आई म्हणायची, "असू दे गं, लहान आहे." तेव्हा तो कॉलेजात होता.

म्हणून त्यानं भर समुद्रातून फोन करून, "ताई, मी इथला कॅरम चॅम्पियन आहे," असं सांगितलं, तेव्हा मला कौतुक वाटलं नाही. मला राग आला. खोटं बोलायचं तर निदान पटेल असं तरी बोलावं.

समुद्रातून म्हणजे तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या एका फलाटावरून. तिथलं स्टोअर तो सांभाळतो. त्याआधी बजाजनगरला एका वर्कशॉपमध्ये होता आणि तिथल्या सुपरवायझरशी भांडून घरी बसला होता. फलाटावर माणसं घेतायत हे त्याला माझ्यामुळेच कळलं, कारण त्या फलाटावर नजर ठेवण्याचं काम आमचं ऑफिस करतं.

हे काम काय आहे ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. हा फलाट तीन लोखंडी पायांवर उभा आहे. प्रत्येक पायाखाली एका खोलीएवढा रुंद बूट आहे आणि तो समुद्राच्या तळाच्या वाळूचिखलात रुतवलेला आहे. वर खोदकामाची यंत्रं, स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या आणि हेलिकॉप्टर उतरायची जागा. असे फलाट एरवी काम झालं की पाय वर उचलून दुसरीकडं जातात. हा मात्र चांगल्या जागी लागला म्हणून वर्षानुवर्षं तिथंच ठेवलाय. आता पाणी काही स्वस्थ बसत नाही. ते त्या बुटांभोवतीची वाळू उकरत राहतं. एका बुटाखालची जास्त धुपली की तो पाय खचतो, सगळा डोलारा त्या बाजूला कलतो, आणि अशा वेळी मोठं वादळ आलं तर काय होईल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. म्हणून फलाटावर कल मोजणारी यंत्रं बसवली आहेत. ती दिवसरात्र आकडे पाठवतात आणि ते आकडे उपग्रहावरून थेट आमच्या शहराबाहेरच्या शेंद्र्याला येतात.

होय, शेंद्र्याला. समुद्र इथून इतका लांब आहे की आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी तो लग्नानंतरच्या फिरण्यात एकदाच पाहिलाय. हे काम मुंबईच्या कंपनीकडं होतं. तिथल्या कुणाला तरी कळलं की आकडे कुठंही बसून बघता येतात, आणि मुंबईपेक्षा शेंद्र्यात बसून बघितले तर फारच स्वस्तात बघता येतात. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सगळ्या नातेवाइकांनी पायाखालची वाळू सरकण्याचा विनोद करून घेतला. प्रत्येकाला वाटायचं की तो आपल्यालाच सुचलाय.

आमचे साहेब मूळचे इथल्याच जमीनदार घरातले. पूर्वी पुलांची कंत्राटं घ्यायचे. औद्योगिक वसाहतीत त्यांनी एक शेड बांधली, खाली पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्याला भाड्यानं दिली आणि वर 'सागरी सुरक्षा केंद्र' अशी पाटी लावली. आत एका भिंतीवर निळाशार समुद्र, पांढरी वाळू आणि नारळाचं झाड असलेला मोठा कागद चिकटवला. पाहुणे आले की साहेब त्या भिंतीपाशी उभे राहून समुद्राबद्दल बोलतात. ज्या समुद्रात आमचा फलाट उभा आहे तो गढूळ आहे आणि तिथं नारळाचं झाड नाही, हे मी एकदा सांगितलं होतं. "मॅडम, लोकायला दिसाया पायजे," असं उत्तर मिळालं. खालच्या मजल्यावर पुठ्ठा कापायचं यंत्र सुरू झालं की आमची जमीन थरथरते. फलाटाच्या थरथरीवर नजर ठेवणारी माणसं स्वतः दिवसभर थरथरत बसतात.

माझ्याबरोबर एक इंजिनिअर आहे. त्याच्याकडं माझ्याहून मोठी पदवी आहे आणि तो ती विसरू देत नाही. रोज सकाळी मुंबईला अहवाल पाठवायचं काम त्याचं. कालचा अहवाल उघडायचा, तारीख बदलायची, पाठवायचा. 'सर्व काही सुरळीत' हे वाक्य त्यानं शेवटचं कधी स्वतः टाइप केलं असेल ते त्यालाही आठवणार नाही. अहवाल गेला की तो घरून आणलेला डबा उघडून कशात मीठ कमी आहे ते सांगतो. चवीच्या बाबतीत मात्र त्याचं लक्ष बारीक आहे.

असो. भावाच्या चॅम्पियनपणाकडं येते.

तो प्रत्येक फोनला जिंकल्याचं सांगायला लागला. क्रेनवाल्याला हरवलं, स्वयंपाक्याला हरवलं, फलाटाच्या इन-चार्जला तर सारखंच हरवतोय. हा इन-चार्ज कोकणातला, वयानं मोठा, कॉलेजच्या दिवसांत कॅरमच्या स्पर्धा खेळलेला माणूस. भावाशी हरल्यावर तो दोन-दोन दिवस धड बोलत नाही म्हणे. मी विचारलं, "तुला कसं जमतं रे?"

"माझी एक लकी जागा आहे," तो म्हणाला. "फ्रिजला पाठ करून बसायचं. तिथनं मारलं की सोंगटी आपोआप जाते. हळू मारली तरी जाते. समोरच्याची मात्र भोकाच्या अलीकडंच थांबते."

"आणि दुसऱ्या बाजूला बसलास तर?"

"मी कशाला बसू? ती माझी जागा आहे. सगळ्यांना माहितीय."

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी सोडून दिलं असतं. चांगला खेळणारा माणूस जिंकतो, त्यात काय? पण हा माझा भाऊ होता. याला जिंकायला कौशल्य पुरत नाही, नशीबही पुरत नाही. याला जिंकायचं असेल तर जमीनच कलती असायला हवी. मी हे मनात गंमत म्हणून म्हटलं, आणि पोळी तव्यावर तशीच ठेवून गॅसपाशी उभी राहिले. ती करपली. आईनं आतून विचारलं, "कसला वास येतोय?"

मी त्याला पुन्हा फोन लावला. म्हटलं, "एक काम कर. स्ट्रायकर घे, जमिनीवर कडेवर उभा कर आणि सोड. फोन चालू ठेव."

"कशाला?"

"सांगते तेवढं कर. गाढवा, एकदा तरी कर."

बराच वेळ कुरकुर ऐकू आली. मग घर्र असा बारीक आवाज सुरू झाला आणि तो चालूच राहिला, आणि लांब कुठंतरी टक् करून थांबला.

"समोरच्या भिंतीला जाऊन लागला," तो म्हणाला. "वाऱ्यानं गेला असेल."

"खिडकी उघडी आहे?"

"इथं खिडकी उघडत नाही."

मी त्याला ते पुन्हा पुन्हा करायला लावलं. स्ट्रायकर दर वेळी त्याच भिंतीला गेला. भाऊ वैतागला. त्याच्या मते मला त्याचं यश बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात जाऊन पडदा बघितला. कल शून्य. हिरवा दिवा. फलाट काटकोनात उभा. दसरा होऊन थोडेच दिवस झाले होते, पडद्याच्या कोपऱ्याला अजून वाळलेला झेंडू चिकटलेला होता आणि कीबोर्डच्या फटीत हळदकुंकू होतं. मी त्या झेंडूकडं बघत बसले आणि मग इंजिनिअरला विचारलं, "खंडेनवमीला तुम्ही हे बंद करता ना?"

आमच्या भागात खंडेनवमीला हत्यारं टेकवतात. वाळूजपासून शेंद्र्यापर्यंत प्रत्येक कारखान्यात यंत्रं धुऊन पुसून बंद करतात, त्यांना फुलं वाहतात, नारळ फोडतात आणि दसऱ्याच्या मुहूर्तावरच पुन्हा चालू करतात. लेथ मशीनला हे ठीक आहे. आमच्या साहेबांनी ते समुद्रावर नजर ठेवणाऱ्या संगणकांनाही लावलं होतं. यंत्राला बी एक दिवस आराम पायजे का नाय, असं त्यांचं म्हणणं. मुंबईला त्यांनी 'वार्षिक देखभाल' असं कळवलं होतं, आणि देखभाल हा शब्द वाचून मुंबई खूश झाली होती. मला हे नुसतं ऐकून माहीत होतं. नवमीला आमच्या घरी नवरात्राचं पारणं असतं, कुळाचार असतो, त्यामुळे त्या दोन दिवसांची माझी रजा ठरलेली.

"हो, बंद करतो," इंजिनिअर म्हणाला. "दसऱ्याला मुहूर्तावर साहेब स्वतः चालू करतात."

"चालू करताना ते काही विचारतं का?"

"विचारतं ना. सध्याची स्थिती सरळ समजायची का, असं विचारतं."

"मग तुम्ही काय सांगता?"

"हो म्हणतो."

"का?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं काही मीच अडाणी आहे. "साहेब म्हणतात, दसऱ्याला कशालाही नाही म्हणायचं नसतं."

मी हसले नाही. हसायची फार इच्छा झाली होती, पण मग माझा भाऊ डोळ्यांसमोर आला, फ्रिजला पाठ करून बसलेला, शर्टाची कॉलर वर केलेला. फलाट वर्षभरात जेवढा कलायचा तेवढा हे लोक दसऱ्याला सरळ समजायचे. मग पुढच्या वर्षी त्याच्यावर आणखी थोडा, आणि पुन्हा सरळ. पेढा वाटायचा, आणि शून्यापासून सुरुवात.

मी प्रत्येक वर्षीचा बंद करण्याआधीचा शेवटचा आकडा काढला आणि बेरीज केली. बेरीज धोक्याच्या रेषेच्या पलीकडं गेली. इंजिनिअर माझ्या मागं उभा राहून बघत होता.

"पण हे मागच्या वर्षीचं आहे," तो म्हणाला. "आणि ते त्याच्याही आधीचं. ते यंदा कसं धरायचं?"

"मागच्या वर्षी वाकलेलं यंदा सरळ होतं का?" मी विचारलं.

तो विचार करायला लागला. खरंच विचार करायला लागला. अशा माणसांना पदवी देणाऱ्यांचं काय करावं?

साहेब दुपारी आले. मी सगळं समोर ठेवलं. साहेबांना आकडे आवडत नाहीत. त्यांनी पडद्याकडं बोट केलं.

"हिरवं हाय की."

"पडद्याला आपणच फसवलंय, साहेब. फलाट एका पायावर खचलाय. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झालाय, बातम्यांत सांगतायत. त्याचं वादळ झालं तर माणसं उतरवायला वेळ मिळणार नाही."

साहेब खुर्चीत मागं रेलले. मागच्या भिंतीवरचं नारळाचं झाड बरोबर त्यांच्या डोक्यातून उगवल्यासारखं दिसत होतं.

"मुंबईला काय सांगू, मॅडम? आमी नारळ फोडला म्हणून फलाट वाकला?"

"नारळ फोडल्यानं वाकला नाही. नारळ फोडल्यानं दिसला नाही."

"तेच ते." त्यांनी आवाज खाली आणला. "बघा, तुमी लई शिकलेल्या, मला मान्य हाय. पर दिवाळीपर्यंत थांबा. ह्या दिवाळीला कंत्राट पुन्हा व्हायचंय. ते एकदा झालं की देखभाल म्हणून हळूच नीट करून घेऊ. इतकी वर्षं उभा हाय, महिनाभरात काय होतंय?"

"माझा भाऊ आहे तिथं."

"व्हय का!" साहेबांच्या चेहऱ्यावर खरोखर काळजी दिसली. "मग त्याला बोलवून घ्या की लगेच. आई आजारी हाय म्हणा. मी स्वतः मुंबईला फोन करतो त्याच्या रजेसाठी."

मला आयुष्यात पुष्कळ माणसांचा तिटकारा आला आहे, पण त्या क्षणी आला तेवढा कधी आला नव्हता. आणि त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे त्याहून चीड आणणारं होतं. ते मला मदतच करत होते. "आणि बाकीच्यांच्या आया?" मी विचारलं. त्यांनी चहा मागवला.

मी तिथूनच, त्यांच्यासमोर, मुंबईला फोन लावला. तिथला अधिकारी फार सभ्य होता. सभ्य माणसाशी बोलताना आपलं रक्त किती तापू शकतं हे मला तेव्हा कळलं. त्यानं माझं सगळं ऐकलं आणि म्हणाला की काळजीचं कारण नाही, कारण फलाटावरच्या इन-चार्जच्या खोलीतल्या पडद्यावरही कल शून्यच दिसतोय, म्हणजे दोन ठिकाणी खात्री झालेली आहे.

"त्या पडद्यावर आकडा आमच्याकडूनच जातो," मी म्हणाले.

"बरोबर. म्हणजे तुमचा आणि त्यांचा आकडा जुळतोय."

मी पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा ऐकलं. शेवटी तो म्हणाला की आमच्या कार्यालयाच्या प्रमुखांनी कळवलं तर ते नक्की दखल घेतील. आमच्या कार्यालयाचे प्रमुख बशीत चहा ओतून फुंकर मारत होते.

घरी आले तर आई टीव्हीसमोर. वादळाचा गोल पांढरा भोवरा समुद्रावर फिरत होता. "आपल्याकडं पडेल का गं याचा थोडा पाऊस?" तिनं विचारलं. "नळाला पाणी यायची आज पाळी होती, आलंच नाही." मग माझा चेहरा बघून तिनं टीव्ही बंद केला. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग त्या तिथल्या इन-चार्जला का नाही सांगत? तो काही झोपला नसेल."

त्याला सांगून काय होणार, तो त्याच पडद्यावर शून्य बघतोय, असं मी म्हणणार होते. पण मग मला आठवलं की हा माणूस माझ्या भावाशी सारखा हरतोय. भावाला फोन लावला. म्हटलं, "तुझा फोन इन-चार्जकडं दे."

"कशाला?"

"फलाट वाकलाय म्हणून. म्हणून तू जिंकतोयस."

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. मला वाटलं घाबरला असेल.

"ताई," तो म्हणाला, "हे त्यांना सांगू नको. प्लीज. माझी इज्जत जाईल."

मी त्याला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. आईनं देवघराचं दार लोटून घेतलं, इतकं ते वाईट होतं. त्यातलं शेवटचं वाक्य एवढंच होतं की तू मेलास तर मी कुणाला हरवू. ते बोलताना माझा आवाज फाटला आणि त्याला तो ऐकू गेला असावा, कारण तो लगेच चालायला लागला. लोखंडी जिन्यावर त्याची पावलं वाजत होती.

इन-चार्जनं फोन घेतला. मी आकड्यांपासून सुरुवात केली. त्यानं मध्येच तोडलं. "ताई, पडद्यावर शून्य आहे. मुंबईशी बोला."

म्हणून मी आकडे सोडून दिले.

"साहेब, माझा भाऊ तुम्हाला कॅरममध्ये हरवतो."

"त्याचा इथं काय संबंध?"

"तो कुणालाही हरवू शकत नाही. मी त्याच्याबरोबर लहानाची मोठी झालेय. त्याला सोंगटी सरळ मारता येत नाही. तुम्ही फ्रिजकडच्या बाजूला बसा आणि त्याला समोर बसवा. नाहीतर पाणसळ आणून त्या टेबलावर ठेवा. तुमची जमीन कलती आहे."

इन-चार्जचा आवाज एकदम वेगळा झाला, लहान मुलासारखा.

"मी पहिल्यापासून म्हणत होतो," तो म्हणाला. "मी सगळ्यांना सांगत होतो की यात काहीतरी गडबड आहे."

तेवढ्या माणसांच्या जिवासाठी तो जागचा हलला नव्हता. कॅरमसाठी तो स्वतः धावत जाऊन सुताराची बुडबुड्याची पाणसळ घेऊन आला. फोन चालूच होता. मला पावलं ऐकू आली, खुर्च्या सरकल्याचं ऐकू आलं, कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. मग त्यानं पाणसळ दुसऱ्या टेबलावर नेली, मग बाहेर डेकवर. परत फोनवर आला तेव्हा त्यानं मला ताई म्हटलं नाही, मॅडम म्हटलं, आणि विचारलं की कुठल्या पायाकडं. मी सांगितलं. तो म्हणाला, "मी माणसं उतरवतोय."

हेलिकॉप्टर आलं आणि वारा वाढायच्या आत सगळे मुंबईला पोचले. भाऊ शेवटच्या फेरीत होता. स्टोअरच्या किल्ल्या दिल्याशिवाय निघायचं नाही असा त्याचा हट्ट होता म्हणे, मूर्ख कुठला. त्या दिवशी मी ऑफिसात गेले नाही. आई आणि मी हॉलमध्ये बसून होतो, आणि "उतरलो" एवढा एकच शब्द फोनवर आला तेव्हा आईनं देवघरात जाऊन दिवा लावला. मी तिच्याशेजारी बसले.

वादळ ओमानकडं वळलं.

"बघा," साहेब म्हणाले, "काय झालं का? उगं गोंधळ घातला." मग समुद्र शांत झाल्यावर पाण्याखाली कॅमेरा सोडला गेला. एका बुटाखाली एवढी मोठी पोकळी होती की बुटाची जवळजवळ अर्धी कड अधांतरी होती. ती चित्रं बघून मुंबईचा सभ्य अधिकारी पहिल्यांदा सभ्यपणा विसरला. त्या पोकळीत दगडांच्या गोण्या भरल्या, पाय पुन्हा बसवला, फलाट सरळ केला. आणि संकट वेळेत ओळखल्याबद्दल कंपनीनं आमच्या केंद्राचा सत्कार केला. साहेबांनी शाल-श्रीफळ घेतलं, निळ्या भिंतीपुढं फोटो काढला, आणि कंत्राट पुन्हा झालं. इंजिनिअरनं त्या दिवशीच्या अहवालातही 'सर्व काही सुरळीत' असंच पाठवलं. तेवढ्यापुरतं ते खरं होतं.

यंदा खंडेनवमीला मी रजा घेतली नाही. आईला म्हटलं, पारणं तू कर. संगणकाला चालू ठेवून फुलं वाहिली. साहेब बंद करायला आले तेव्हा मी खुर्चीतून उठले नाही. "नाय करत बंद, बसा," ते म्हणाले आणि नारळ खाली पुठ्ठेवाल्याच्या यंत्रावर फोडून आले.

भाऊ वादळाच्या त्या वर्षी दिवाळीला घरी होता. आभार वगैरे काही नाही. फुगून बसला होता. फलाटावर सगळ्यांनी त्याची इतकी टर उडवली होती की आता तिथं तोंड कसं दाखवू, असा त्याचा प्रश्न होता. आईनं माळ्यावरून जुना बोर्ड काढला. तो पहिला डाव माझ्याशी हरला, दुसरा आईशी, आणि तिसऱ्यात राणी त्याच्यासमोर उघडी पडलेली असताना त्यानं स्ट्रायकर भोकात घातला. "या घराची फरशी वाकडी आहे," तो ओरडला. आई हसता हसता डोळे पुसायला लागली. मला तर त्याच्या चुकलेल्या प्रत्येक शॉटचा मुका घ्यावासा वाटत होता.

आता तो परत तिकडं आहे. त्याचा फोन आला की मी जेवलास का, झोपलास का असलं काही विचारत नाही. "हरलास का?" एवढंच विचारते. तो चिडतो, पण सांगतो. हरलो. इन-चार्जशी हरलो. स्वयंपाक्याशी हरलो. कुठल्या जागेवरून, मी विचारते. दोन्हीकडून, तो म्हणतो. मी आईकडं बघून मान हलवते आणि आई पानं वाढायला घेते. शेंद्र्यातल्या त्या हिरव्या दिव्यावर माझा जेवढा विश्वास आहे त्याच्या कितीतरी पट जास्त माझ्या भावाच्या नालायकपणावर आहे.

परवा त्याचा फोन आला आणि तो म्हणाला, "ताई, आज जिंकलो."

मी ताटावरून उठले. हात तसाच खरकटा होता. "कुणाशी?"

"नवीन माणूस आलाय. त्याला खेळताच येत नाही. खरंच सांगतो, माझ्याहून वाईट."

"स्ट्रायकर घे," मी म्हणाले.

"ताई, मी तुला सांगतोय ना की तो..."

"जमिनीवर उभा कर आणि सोड."

तो काहीतरी पुटपुटला. मग मला वाकताना त्याचा श्वास ऐकू आला. मी फोन कानाला इतका घट्ट दाबला की कान दुखला. आई भाताचं पातेलं हातात घेऊन उभी होती. टप् असा आवाज झाला आणि पुढं काहीच ऐकू आलं नाही.

"पडला," तो म्हणाला. "जागच्या जागी पडला. झालं समाधान?"

मी हात धुतला आणि पुन्हा ताटावर बसले.